आधी बी होऊ द्या

"चोर उजेडातच येणार!" वकील म्हणाली. "अंधारात इतकं सफाचट कापताच येत नाही."

"आला की मी ओरडणार," रेडिओ म्हणाला.

"ओरडतोस कशाला? तू नुसता बोलायला लाग. तो कान धरून शरण येईल!" भिंगरीने हातातला खडू हवेत उडवला आणि झेलला.

तिघं मावशीच्या घराच्या मागच्या ओट्यावर पालथी पडली होती. फरशीवर त्यांनी खडूने कालवा काढला होता आणि कालव्याच्या काठावर पिवळे ठिपके. भिंगरीने आधी ठिपक्यांचा नुसता पाऊस पाडला होता. मग वकिलाने तिला ते पुसायला लावले. "आहेत तेवढीच काढ. उगाच खोटी फुलं नकोत!" आता जे ठिपके उरले होते, ते बघून कुणालाच हसू येत नव्हतं.

वकील आणि भिंगरी या सख्ख्या बहिणी. सुट्टी लागली की त्या मावशीकडे यायच्या. रेडिओ हा मावशी आणि काकांचा मुलगा. तिघांची खरी नावं शाळेच्या हजेरीपुरती होती. थोरलीला कुणी "पाणी दे" म्हटलं तरी ती "का?" असं विचारायची, म्हणून वकील. धाकटी एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून भिंगरी. रेडिओला रेडिओ का म्हणतात, हे त्याने तोंड उघडलं की कळायचंच.

चोर होता तो उनाडीचा.

उनाडी म्हणजे रानातलं सूर्यफूल. बागेतल्या गलेलठ्ठ सूर्यफुलाची हडकुळी धाकटी बहीणच म्हणा ना! कमरेएवढं खरखरीत खोड, तळहातात मावेल एवढं फूल, पिवळ्याधमक पाकळ्या आणि मधोमध काळपट तपकिरी चकती. कळी असताना ती उन्हाच्या मागे मान वळवत फिरते आणि फुलली की पूर्वेकडे तोंड करून उभी राहते. पण हिला बागेत करमत नाही. खत घातलं की माजते, उंच वाढते आणि आडवी पडून कुजते. कुंडीत लावली तर रुसून बसते. तिला हवी ती खडकाळ, उतरती, पाणी न थांबणारी, कुणालाच नको असलेली जमीन. म्हणून तर तिचं नाव उनाडी. पूर्वी ती प्रत्येक रस्त्याच्या कडेला असायची. रस्ते रुंद झाले, कडा सिमेंटच्या झाल्या आणि उनाडी हटत हटत शेवटी या एका कालव्याच्या काठावर येऊन पोचली. कालवा खणताना निघालेला दगडगोटा त्या काठावर टाकलेला होता. तेवढीच जागा काय ती तिच्या मनासारखी उरली होती.

आणि दरवर्षी नेमकी तीच जागा कुणीतरी भादरून टाकायचं! बी धरायच्या आत, ऐन फुलात असताना! अलीकडे-पलीकडे गवत माजलेलं असायचं, त्याला कुणी हात लावायचं नाही.

मावशी बियाणे केंद्रात काम करायची. शेतकऱ्यांनी आणलेलं बियाणं उगवतं की नाही, हे तपासणं ही तिची नोकरी. उनाडी हा तिचा जीव. फार वर्षांपूर्वी गोळा केलेलं उनाडीचं बी तिने एका बरणीत जपून ठेवलं होतं. दरवर्षी ती त्यातलं मूठभर बी काठावर टाकायची. पण बी म्हातारं होतं. दरवर्षी कमी उगवायचं आणि जे उगवायचं ते कापलं जायचं. गेल्या वर्षी तिने बरणी उलटी करून तळ झटकला होता. यंदा काठावर उगवलेली रोपं हीच काय ती शेवटची.

"यांचं बी मिळालं तर आहे," मावशी म्हणाली होती. "नाही तर संपलं."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की भिंगरीसुद्धा जागेवर थांबली.

आता आतल्या खोलीतून तिचा फोनवरचा आवाज येत होता. तिघांनी कान टवकारले.

"मुकादम, लक्षात आहे ना? फुलं यायला लागलीत. आधी बी होऊ द्या, मग कापा. हो, बी झाल्याशिवाय यंत्र लावायचं नाही."

पलीकडून, कालव्याच्या काठाची कापणी बघणाऱ्या मुकादमांचा खणखणीत आवाज ओट्यापर्यंत ऐकू आला. "तुमच्या शब्दाबाहेर नाही ताई! आजवर कधी गेलोय का?"

मावशीने फोन ठेवला. ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा उतरला होता.

"दरवर्षी हेच म्हणतात," ती म्हणाली. "गोड बोलतात आणि कापून मोकळे होतात. कापल्यावर भांडून काय मिळणार, म्हणून मीही पुढे काही विचारत नाही. कुणाचं मी काय घोडं मारलंय, देव जाणे."

"मावशी, यंदा नाही!" वकील ताडकन उठली. "यंदा आम्ही पहारा देणार!"

मावशी हसली. पण ते हसणं मुलांचं मन राखण्यापुरतं होतं, हे तिघांनाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन सायकली कालव्यावर पोचल्या. काठावर लांब लांब अंतरावर लोखंडी खांब होते आणि त्यांवर पत्र्याच्या पाट्या. ए, बी, सी. कालवा खात्याने आपल्या सोयीसाठी काठाचे टप्पे पाडले होते. उनाडी होती ती मधल्या टप्प्यात. काल मिटलेल्या कळ्या आज उघडल्या होत्या आणि सगळ्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या होत्या.

"कसल्या गोड दिसतायत!" भिंगरी कुजबुजली.

"संशयित क्रमांक एक, मुकादम," वकील झुडपामागे बसत म्हणाली. "गोड बोलणारा माणूस. केंद्राच्या दारात फटफटी लावली म्हणून मावशीने एकदा त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं. त्याचा सूड!"

"संशयित क्रमांक दोन, कालवा खात्याचे साहेब," रेडिओ म्हणाला. "ते जीपमधून जातात आणि म्हणतात, दिसायला स्वच्छ पाहिजे. त्यांना स्वच्छ म्हणजे टक्कल वाटतं. आमच्या शाळेचं मैदानसुद्धा त्यांनीच एकदा..."

"शू! आवाज!"

घरघर ऐकू आली. लांबून एक ट्रॅक्टर येत होता. त्याला एका बाजूने लांबलचक लोखंडी हात होता आणि हाताच्या टोकाला फिरती पाती. चालकाच्या कानांवर मोठाल्या वाट्या होत्या, आवाजाने कान फुटू नयेत म्हणून.

"गवत कापायला आला असेल," रेडिओ म्हणाला. "ए टप्प्यात बघ किती माजलंय! तो तिथेच थांबणार. पैज लाव!"

ट्रॅक्टर ए टप्प्याच्या शेवटच्या भागातून पुढे सरकला. तिथलं गवत चाकांच्या वर आलं होतं. पण हात वरच्या वरच राहिला. ए संपला. बीची पाटी आली आणि चालकाने हात खाली सोडला.

"अरे! अरे, तो इथेच येतोय!"

तिघं एकदम झुडपामागून उसळली. "थांबा! थांबा हो!" वकील दोन्ही हात हलवत धावली. रेडिओ तर अख्ख्या जन्माचं ओरडून घेत होता. पण वाट्यांच्या आत ते कुठून पोचणार! चालकाची नजर पात्यांवर होती. पाती फिरत होती आणि त्यांच्याखाली पिवळं, हिरवं, तपकिरी सगळं एक होऊन मागे उडत होतं.

भिंगरीने काय केलं, ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिने आपली सायकल उचलली आणि उतारावरून सरळ त्या लोखंडी हाताच्या पुढ्यात ढकलून दिली. पाठोपाठ तीही निघाली होती, पण वकिलाने तिची कॉलर धरली. खण्णकन आवाज झाला. ठिणग्या उडाल्या. यंत्र थांबलं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" चालक खाली उडी मारून ओरडला. "मेली असतीस ना, पोरी!"

तिघं काठाकडे बघत होती. उतार आता नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा दिसत होता. ओल्या कापलेल्या पानांचा वास सुटला होता. वाकड्या झालेल्या सायकलीपलीकडे उनाडीची तीन रोपं उरली होती. त्यातलं एक मधोमध मोडलं होतं.

भिंगरी मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

तेवढ्यात फटफटीवरून मुकादम आले. यंत्र का थांबलं, हे बघायला ते धावत उतारावर आले, तशी वकील त्यांच्यावर तुटून पडली.

"तुम्हीच! तुम्हीच सांगितलंत ना इथे कापायला? काल मावशीला शब्द दिलात आणि आज लगेच यंत्र? लाज नाही वाटत?"

"अगं, शब्द दिला म्हणूनच तर!" मुकादम गोंधळून म्हणाले. "ए सोडून यंत्र पहिलं इथे आणलं. दरवर्षी आणतो. ताईंचं काम म्हटल्यावर मी हयगय करत नाही."

"खोटं! मावशीने कापू नका म्हणून सांगितलं होतं!"

"छे! चालकालाही विचार. ताई दरवर्षी फोन करतात, 'आधी बी होऊ द्या, मग कापा.' मी म्हणतो, असेल काही शास्त्रीय कारण. शिकलेल्या बाई आहेत, आपण कशाला विचारायचं? म्हणून आधी बी करतो. बी झाल्याशिवाय दुसरीकडे यंत्र लावत नाही." मुकादमांनी हात लांब करून खांबावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "हा काय बी!"

वकिलाने पाटीकडे पाहिलं.

"बी," रेडिओ हळूच म्हणाला. "बी म्हणजे... बियाणं हो, मुकादमकाका. फुलाचं बी. फुलाला बी येऊ द्या, मग कापा, असं म्हणत होती आई."

मुकादम त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायाखालचा एक पिवळा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"अरे देवा," ते म्हणाले. "आणि एवढी वर्षं मी वाट बघतोय, की ताई एकदा तरी म्हणतील, मुकादम, छान काम केलंत."

मुकादमांनी लगेच साहेबांना फोन लावला. ही तीन रोपं सोडून देऊ का, असं विचारलं. पलीकडून साहेब खेकसले, ते सगळ्यांना ऐकू आलं. "काही सोडायचं नाही! मी थोड्या वेळात पाहणीला येतोय. बी म्हणजे पूर्ण बी! मध्येच झुडपं दिसली तर बघा!"

मुकादमांनी फोन खिशात टाकला. "ऐकलंत ना? सीची पाटी येईपर्यंत मला कापावंच लागणार, पोरांनो. हुकूम आहे."

भिंगरीने नाक पुसलं. "म्हणजे सीची पाटी आधी आली तर तुम्ही आधी थांबणार?"

मुकादमांनी तिच्याकडे पाहिलं. मग सीच्या खांबाकडे. खांब दगडांच्या ढिगात नुसता रोवलेला होता आणि आधीच कलला होता.

"मला चहाची तल्लफ आलीय," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "चालकालाही आलीय. आम्ही जरा जाऊन येतो."

ते वळले मात्र, तिघं खांबावर तुटून पडली! रेडिओने दगड बाजूला केले, वकिलाने खांब मिठी मारून उपसला, भिंगरीने पत्र्याची पाटी धरली. ओढत, ठेचकाळत त्यांनी तो उनाडीच्या अलीकडे आणला, दगड रचून पुन्हा उभा केला आणि झुडपामागे जाऊन धापा टाकत बसली. आता ती तीन रोपं सी टप्प्यात होती.

साहेबांची जीप आली. काच अर्धी खाली झाली.

"बी?"

"झाला साहेब," मुकादम म्हणाले.

"सी?"

"सगळ्यात शेवटी घेतो."

"ठीक. पण हा सी मला वाटतं आणखी पुढे..." साहेबांनी मान बाहेर काढली.

वकिलाने रेडिओला कोपर मारलं. एरवी ज्याला गप्प बसवताना घरादाराच्या नाकीनऊ यायचे, तो रेडिओ जीपपाशी गेला आणि सुरू झाला. "नमस्कार साहेब! ही जीप किती जुनी आहे? आत बसू का? कालव्यात मासे किती असतील? आमच्या सरांना वाटतं कमी असतील, पण मला वाटतं, कारण काय झालं, आम्ही एकदा..."

साहेबांनी मान आत घेतली, काच वर केली आणि जीप निघून गेली!

एरवी या विजयावर तिघांनी अख्खी संध्याकाळ नाच केला असता. पण मोडकी सायकल ढकलत ती घराकडे निघाली, तेव्हा रेडिओसुद्धा बोलत नव्हता.

"मावशीला सांगायचं?" भिंगरीने विचारलं.

"चालक वाट चुकला असं सांगू," वकील म्हणाली. "नाही तर साहेबांचा हुकूम होता म्हणू. ते तर थोडंफार खरंही आहे."

"आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा फोन करेल," रेडिओ म्हणाला. "पुन्हा तेच म्हणेल."



मावशी केंद्रातल्या तिच्या खोलीत होती. ओल्या टिपकागदावर बिया मांडलेले ट्रे, चाळण्या, चिमटे आणि सुकलेल्या कणसांचा वास. मुलांना बघून ती उठली. "पकडलात का चोर?" तिच्या डोळ्यांत एकदम उत्सुकता आली. या सगळ्या वर्षांत तिच्यासाठी कुणी पहारा दिला नव्हता.

रेडिओने वकिलाकडे पाहिलं. वकिलाला वाटलं, आपल्याला आत्ता चक्कर आली तर किती बरं होईल. पण चक्कर आली नाही. मग तिने सगळं सांगितलं. ट्रॅक्टर, पाटी, मुकादम. खाली मान घालून, एका दमात.

मावशी आधी हसली. मोठ्याने, खरंखुरं हसली. "बी! बी टप्पा! अगं बाई, मी इतकी कशी..." आणि मध्येच थांबली.

"एरवी ते कुठून सुरू करतात?" तिने विचारलं.

वकील ट्रेमधल्या बिया मोजायला लागली.

"सांग."

"एपासून. ओळीने. बी एवढासाच आहे, पण ए कित्येक मैल लांब. तो संपायलाच खूप आठवडे लागतात, म्हणे."

मावशी मनाशी हिशेब करत होती. फुलं यायची तेव्हा ए सुरू झाला असता. ए संपेपर्यंत उनाडीचं बी पिकून, सुकून, गळून पडलं असतं. मग यंत्र आलं असतं तरी बिघडलं नसतं.

"म्हणजे मी तोंडच उघडलं नसतं तर..." ती म्हणाली. ती खुर्चीवर बसली. हातातला चिमटा तिने ट्रेच्या कडेला अगदी सरळ ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही घरी जा. काकांना सांगा, मला उशीर होईल."

त्या दिवसापासून घर मुकं झालं. मावशी वेळेवर कामाला जायची, वेळेवर परत यायची, जेवायला मात्र नीट बसायची नाही. काकांनी केलेला स्वयंपाक अळणी असायचा, पण तसं म्हणायचं कुणाच्या जिवावर येत होतं. मुकादम एकदा दारापर्यंत आले, चपला काढल्या, पुन्हा घातल्या आणि तसेच परत गेले.

मुलं रोज काठावर जायची. मोडलेलं रोप वाळून गेलं. उरली दोन. वकील दररोज मऊ कुंचल्याने एका फुलाचे परागकण दुसऱ्याला लावायची. उनाडीला दुसऱ्या रोपाचे परागकण लागल्याशिवाय बी धरत नाही, हे मावशीनेच कधीतरी शिकवलं होतं. कुंचला फिरवताना तिघं श्वाससुद्धा जपून घ्यायची.

मुकादमांनी सगळा घोटाळा कबूल केला, तेव्हा साहेबांनी मुलांना कार्यालयात बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. "शाबास!" साहेब म्हणाले. "अशी चौकस मुलं हवीत! पाटी हलवलीत ते मात्र मी पाहिलंच नाही, बरं का!" सगळे हसले. मग त्यांनी अभिमानाने एक नवाकोरा फलक उघडून दाखवला. 'दुर्मीळ फुले. कापू नयेत.' शेजारी एक भलंमोठं, गलेलठ्ठ सूर्यफूल छापलं होतं.

"हे ते फूल नाही," वकील म्हणाली.

"अगं, सूर्यफूलच ना? फूल ते फूल! आणि तुमच्या मावशींना सांग, काळजी करू नका म्हणावं. त्या उतारावर आम्ही पोतंभर बियाणं टाकणार आहोत! संकरित! ताटाएवढं फूल येतं!"

"नका टाकू!" तिघं एकदम ओरडली. साहेब दचकले. त्या मोठ्या झाडांच्या सावलीत उरलेली दोन रोपं गुदमरून जातील, हे त्यांना पटवता पटवता वकिलाच्या घशाला कोरड पडली. शेवटी त्यांनी पोतं परत पाठवायचं कबूल केलं. फलक मात्र लागलाच, सूर्यफुलासकट.

सुट्टी संपली. बहिणी परत निघायच्या दिवशी मावशी स्वतःहून काठावर गेली आणि दोन्ही रोपांची सुकलेली बोंडं घेऊन आली. बियाणे केंद्राच्या खोलीत सगळे टेबलाभोवती जमले. मुकादमही दाराशी उभे होते. मावशीने बोंड पांढऱ्या कागदावर चुरलं. काळ्या-करड्या बारीक बिया घरंगळत बाहेर आल्या.

"आल्या! किती आल्यात बघ!" भिंगरीने उडी मारली.

मावशीने एक बी नखाखाली दाबलं. ते चपटं झालं. आत काही नव्हतं. तिने दुसरं दाबलं, मग तिसरं. सगळ्यांनी एकेक करून दाबून पाहिलं. मग दुसरं बोंड फोडलं.

"पोचट," मावशी म्हणाली. "सगळी पोचट आहेत."

"पण मी रोज परागकण लावले होते!" वकिलाचा आवाज चिरकला. "एकही दिवस चुकवला नाही!"

"तू बरोबरच केलंस गं. दोन्ही रोपं एकाच फुलाच्या बियांची असणार. सख्ख्या बहिणींचे परागकण एकमेकींना चालत नाहीत बरेचदा. तिसरी कुणीतरी परकी लागते."

"मातीत एखादं बी उरलं असेल ना?" रेडिओने विचारलं. "झोपलेलं? तूच म्हणतेस ना, काही बिया झोपतात?"

"असेल," मावशी म्हणाली. आणि तिनेच पुढे सांगितलं, "मला वाटत नाही."

मुकादम पुढे आले. "ताई, यापुढे त्या टप्प्याला मी हातच लावणार नाही. तुम्ही म्हणाल तेव्हाच. नीट विचारून, पुन्हा विचारून." त्यांचे डोळे भरले होते. मावशीने मान हलवली आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.

मग तिने तिन्ही मुलांना जवळ घेतलं. "शाबास," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसांना जमलं नाही ते तुम्ही शोधून काढलंत. आणि मला येऊन सांगितलंत. ते जास्त अवघड होतं."

"सांगायला नको होतं आम्ही," वकील तिच्या कुशीत रडत म्हणाली. "तुला चोर असता तर बरं वाटलं असतं."

"हो," मावशी म्हणाली. तिने कागदावरची टरफलं हाताने एका बाजूला सारली. "चोर असता, तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं. इथे तर सगळ्यांनी माझं ऐकलं गं. दरवर्षी, अगदी मनापासून ऐकलं."

बाहेर काकांनी गाडी सुरू केली होती. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, तरी आतून कुणीच उठलं नाही.